पालकांच्या विनंतीवरून

दाखल्यांवर विश्वास ठेवायचा, तर नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आजवर एकाही मुलाला निवासी शाळेतून हाकललेलं नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. आता पालकांनी विनंती केलेली असते हे खरंच. रात्री साडेनऊला रेक्टरचा फोन येतो, "सकाळी या आणि लेकराचं सामान घेऊन जा." बाप उजाडता उजाडता गाडी करून येतो, मुख्याध्यापकांच्या टेबलापुढे हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, "सर, एक डाव माफ करा." ही विनंती अमान्य होते आणि कागदावर त्याने न केलेली दुसरीच विनंती मान्य होते. त्याच कागदावर वरच्या रकान्यांत 'प्रगती : समाधानकारक' आणि 'वर्तणूक : चांगली' अशी नोंद असते. चांगल्या वर्तणुकीचा मुलगा समाधानकारक प्रगती करत असताना बापाने त्याला ऐन नोव्हेंबरात पेटी-गादीसकट का उचलून नेलं, असा प्रश्न नव्या शाळेतल्या कोणालाही पडत नाही. हा खोटेपणा मला आपल्या शिक्षणव्यवस्थेतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो, आणि प्रामाणिकपणाच्या नादात कोणी त्याला हात लावू नये असं माझं मत आहे.

मुळात दाखला नावाच्या कागदाकडून सत्याची अपेक्षा करणंच चुकीचं. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या दहा माणसांची जन्मतारीख विचारा, त्यांतले निम्मे १ जूनला जन्मलेले निघतील. गावातल्या सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या असं नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, नाव घालायला आलेल्या आजोबांना नातू 'सुगीच्या टायमाला झाला' एवढंच आठवायचं, आणि गुरुजी वय भरेल अशी तारीख लिहून मोकळे व्हायचे. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली, आणि आता नातवंडं त्याच दिवशी केक कापतात. ज्या कागदाने माणसाचा जन्म सोयीने ठरवला, त्याने त्याची वर्तणूकही सोयीने ठरवावी यात नवल काय? गुरुजींनी तारीख लिहिली ती मुलाचं नाव शाळेत लागावं म्हणून. 'चांगली' लिहितात तेही नाव दुसऱ्या शाळेत लागावं म्हणूनच. परंपरा एकच आहे.

शिवाय कायद्यानेच शाळांना खोटं बोलायला लावलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम म्हणतं, की प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. तेव्हा सातवीतल्या मुलाच्या दाखल्यावर 'बेशिस्तीमुळे काढले' असं खरं कारण लिहिणारा मुख्याध्यापक स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून देतो. त्यापेक्षा पालकांची विनंती बरी. यातूनही ज्यांचं मन खातं, अशा संस्थांनी आणखी बारीक वाट काढली आहे. "आम्ही शाळेतून कुठं काढलं? शाळेत येऊ द्या की रोज. फक्त वसतिगृहात ठेवणार नाही." मुलाचं गाव किनवट आणि शाळा लातुरात असेल, तर रोज अप-डाऊन करण्याचा त्याचा घटनादत्त हक्क अबाधित राहतो.

आठवीपर्यंत कायदा आडवा येतो, तर दहावीत बोर्ड. दिवाळीच्या आसपास बोर्डाचे अर्ज भरून झाले, की दहावीच्या मुलाला अभय मिळतं. त्याने रेक्टरच्या मोटारसायकलची हवा सोडली तरी मार्चपर्यंत त्याला जपावंच लागतं. राहिली नववी. या दोन तटबंद्यांच्या मधल्या उघड्या मैदानावर मुलांची शिकार होते, आणि कारण शिस्तीचं सांगितलं तरी शिस्तीपुरतंच ते नसतं. पुढच्या जूनमध्ये शहरभर 'दहावीचा निकाल १०० टक्के' असे फ्लेक्स लावायचे असतात, तेव्हा जो मुलगा तो आकडा ९८ वर आणेल त्याच्या वर्तणुकीकडे नववीतच बारकाईने लक्ष जाऊ लागतं. गणितात १२ गुण पडलेल्या मुलाच्या उशाखाली मोबाईल सापडतो. ९२ पडलेल्याच्या उशाखाली सापडला, तर तो त्याला अभ्यासाच्या व्हिडिओसाठी लागत असतो. आणखी एक तारीख आहे, ३० सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटसंख्येवर अनुदानित शाळेची संचमान्यता होते, म्हणजे कुठे किती शिक्षक राहणार आणि कोण अतिरिक्त ठरणार हे ठरतं. त्यामुळे सप्टेंबर संपेपर्यंत शाळा आईच्या मायेने मुलाला सांभाळते. ऑक्टोबर उजाडला, की तीच शाळा म्हणू लागते, "याचं वागणं आता हाताबाहेर गेलं." विनाअनुदानित निवासी शाळांना पटाची फिकीर नसते, पण त्यांचंही पंचांग असतं. वर्षाची फी जूनमध्येच घेऊन झालेली असते, अनामत परत न करण्याचा नियम माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असतो, आणि रिकामी झालेली कॉट मध्येच येणाऱ्या मुलाला पुन्हा देता येते. तो मध्येच येणारा मुलगा अर्थातच दुसऱ्या कोणत्या तरी शाळेतून पालकांच्या विनंतीवरून निघालेला असतो.

पटाची ही ओढ किती मोठी असते, हे नांदेडने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं आहे. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी जिल्ह्यातल्या शाळांमधली मुलं प्रत्यक्ष मोजून घेतली, आणि हजेरीपटावरची कितीतरी मुलं हजेरीपटाबाहेर कुठेच राहत नाहीत असं निघालं. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. या प्रकाराने शिक्षण खात्याची अब्रू गेली असं त्या वेळी म्हटलं गेलं. मला मात्र त्यात काढलेल्या मुलाच्या बापाला धीर देणारी एक गोष्ट दिसते. ज्या मुलुखात मुळीच नसलेल्या मुलांना इतक्या सहजपणे प्रवेश मिळत होता, तिथे जरा जास्तच असलेल्या एका मुलाला जागा मिळणार नाही असं कसं होईल?

आणि मिळतेच. ही शोधाशोध बाप करत नाही, तो अजून धक्क्यातच असतो. ती मामा करतो. मराठवाड्यात मुलीसाठी स्थळ पाहावं आणि काढलेल्या भाच्यासाठी शाळा पाहावी, दोन्ही कामं त्याच पद्धतीने होतात: ओळखीतून ओळख काढायची, समोरच्या घरातलं काय चुकतंय ते आधी गुपचूप काढून घ्यायचं, आणि आपल्याकडचं शक्य तितक्या उशिरा सांगायचं. नवोदयचा विचार मामा करत नाही. नांदेडचं शंकरनगर असो की लातूरचं, सहावीला ८० जागा आणि त्याही निवड परीक्षेतून, तिथे ओळख चालत नाही. मग सैनिकी, गुरुकुल, निवासी आणि शेवटी नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या अशा शाळांची यादी निघते. नांदेडचा मुलगा असेल तर लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत लातूरकडे प्रस्थान होतं. लातूरचा असेल तर याच रस्त्याने उलट. अहमदपूरच्या बसस्थानकावर कधी तरी या दोन बाजूंच्या पेट्या समोरासमोर येत असणार. कागदाच्या बाजूने तर हा प्रवासच होत नाही, कारण लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे एकाच लातूर विभागीय मंडळात येतात. मुलगा मंडळाच्या हिशेबी जागचा हललेलाच नसतो. फक्त संगणकावर जुन्या शाळेने त्याचं नाव सोडावं लागतं. तोवर तो लातुरात जेवतो आणि नांदेडात शिकतो.

नव्या शाळेतली मुलाखत हा एक स्वतंत्र नाट्यप्रकार आहे. मुख्याध्यापक विचारतात, "आधीची शाळा का सोडली?" त्यांना उत्तर माहीत असतं आणि ते माहीत आहे हे मामालाही माहीत असतं. तरी मामा सांगतो, "सर, तिथलं पाणी मानवलं नाही लेकराला." लातूरबद्दल ही तक्रार जपून करावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये तिथे पाणी मिरजेहून रेल्वेने आलं होतं, तेव्हा त्या उन्हाळ्यात ज्याला लातूरचं पाणी मानवलं नाही त्याला प्रत्यक्षात मिरजेचं मानवलं नव्हतं. पाण्याने भागलं नाही की दुसरं कारण येतं: "पोरगं गुणाचं हाय सर, संगत खराब लागली." या संगतीचा कोणी तरी एकदा छडा लावला पाहिजे. प्रत्येक काढलेला मुलगा मुळात चांगला असून संगतीने बिघडलेला असतो. मग ती संगत कोणाचा मुलगा? तिलाही आई-बाप आणि मामा असणार, आणि ते याच वेळी दुसऱ्या शाळेत बसून आमच्या मुलालाच संगत म्हणत असणार.

यावर कोणी सरळ माणूस विचारेल, की एवढं नाटक कशाला? दाखल्यावर खरं काय ते लिहा, म्हणजे नव्या शाळेला सावध राहता येईल. या म्हणण्यातला धोका कळायला ८५ वर्षांहून मागे जावं लागतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात, आधी औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात, मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हटलं. शेकडो विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आलं. वसतिगृहाचे नियम मोडले एवढाच त्यांच्यावरचा आरोप होता, आणि नियमाप्रमाणे पाहिलं तर तो खराही होता. बाकीच्या विद्यापीठांनी त्यांना दारात उभं केलं नाही. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी मात्र प्रवेश दिला. त्या वेळी बाहेर पडलेल्यांत वारंगळ-हनमकोंड्याकडचा एक मुलगा होता, त्याने पुढे नागपूरहून कायद्याची पदवी घेतली. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव. १९८४ मध्ये ते लोकसभेला दोन ठिकाणी उभे राहिले. हनमकोंड्याने पाडलं, आणि नागपूरशेजारच्या रामटेकने निवडून दिलं. ज्या गावाने एकदा काढलं त्याने दुसऱ्यांदाही काढलं, ज्याने घेतलं त्याने पुन्हा घेतलं. नागपूरकर माणसं मुलाखतीत फार खोलात शिरत नाहीत, याचा देशाला असा उपयोग झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजने १९१६ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना काढलं. स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळायला १९१७ उजाडलं. आपल्याकडचा मामा असता, तर पुढच्या सोमवारी काम झालं असतं.

लगेच कोणी म्हणेल, की ते देशासाठी बाहेर पडले, आमचा हा पबजीसाठी. हरकत मान्य. उशाखाली मोबाईल ठेवणारा प्रत्येक मुलगा पंतप्रधान होणार असा माझा दावा नाही; एखाद-दुसरा आमदार होईल, तेवढं पुरे. माझा मुद्दा वेगळाच आहे. काढणाऱ्याचा निकाल हा त्याच्या नियमांचा निकाल असतो, आणि नियमांचं म्हणाल तर ते गावोगाव बदलतात. वसतिगृहातून मुलं कशासाठी काढली जातात ते पाहा: मोबाईल बाळगला, भिंतीवरून उडी मारली, मेसमधल्या डाळीवरून सह्या गोळा केल्या, रेक्टरला टोपणनाव ठेवलं. यातली भिंतीवरची उडी घ्या. नांदेडमध्ये भिंत ओलांडलेलं पोर भूक लागली तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पोटभर जेवून परत येऊ शकतं, तिथे कोणी त्याला दाखला मागत नाही. आता हा गुन्हा मुलाच्या खात्यावर मांडायचा की मेसच्या? शाळा तो मुलाच्या खात्यावर मांडते, कारण मेसचा कंत्राटदार पालकांच्या विनंतीवरून निघत नाही. टिळकांनी शेंगांची टरफलं उचलायला नकार दिला ही गोष्ट दर १ ऑगस्टला याच शाळांत माईकवरून सांगितली जाते आणि ती सांगणाऱ्या मुलाला पहिलं बक्षीस मिळतं. २ ऑगस्टला एखाद्याने ती वर्गात करून दाखवली, की त्याच्या वडिलांना फोन जातो.

दुसरी हरकत चांगल्या मुलांच्या पालकांची असते: असली कार्टी आमच्या लेकरांत आणून कशाला सोडता? त्यांची काळजी मी थट्टेवारी नेणार नाही, पण तिच्यात एक हिशेबाची चूक आहे. नांदेडने काढलेला मुलगा लातूरला गेला नाही तरी हवेत विरत नाही. एक तर घरी बसून १७ नंबरचा फॉर्म भरतो, नाही तर फॉर्मही भरत नाही आणि चौकातल्या पानटपरीवर संगत म्हणून रुजू होतो. मग चांगल्या मुलांना तो रोज संध्याकाळी भेटतो, आणि तिथे रेक्टरही नसतो. शिवाय जागा बदलल्याने मुलगा बदलतो, हे निवासी शाळांच्या जाहिरातीतलं मुख्य वाक्य आहे. घरी बिघडलेलं मूल आमच्याकडे सुधारतं असं सांगून ज्यांनी प्रवेश भरले, त्यांनी दुसऱ्या शाळेत बिघडलेलं मूल आमच्याकडे सुधारणार नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पत्रकावर अविश्वास दाखवणं.

अकरावी-बारावीला तर हा सगळा प्रश्नच बाद होतो. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते राजर्षी शाहू, दयानंद अशा कॉलेजांच्या निकालांनी. पण त्या नावावर जी क्लासेसची वस्ती उभी राहिली, लातूरचा ट्यूशन एरिया काय किंवा नांदेडचं भाग्यनगर काय, तिथल्या कितीतरी मुलांचं नाव तालुक्याच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात असतं, शरीर क्लासमध्ये असतं आणि मुक्काम कॉट बेसिसवर तिसरीकडे. कॉलेजातून त्यांना काढता येत नाही, कारण ती तिथे जातच नाहीत. घरमालकाने रूम सोडायला सांगितली तर शेजारच्या गल्लीत दुसरी मिळते. दाखला नाही, मुलाखत नाही, मामाही लागत नाही.

तिसरी हरकत मात्र मी मुकाट्याने मान्य करतो. सगळेच गुन्हे मोबाईलचे नसतात. लहान मुलांना मारहाण करणारा, छळणारा मुलगा 'वर्तणूक : चांगली' असा कागद घेऊन दुसऱ्या वसतिगृहात लहान मुलांच्या शेजारच्या कॉटवर झोपत असेल, तर तिथे तो खोटेपणा शहाणपणाचा राहत नाही. अशा वेळी एका मुख्याध्यापकाने दुसऱ्याला फोन उचलून सांगावं. दाखल्यावर शाईने लिहून मुलाच्या कपाळी आयुष्यभर ठेवण्याची गरज त्यालाही नाही. पण हा चांगुलपणा फक्त मुलांपुरता असता तर मी एवढा बोललो नसतो. एका वसतिगृहातून मारकुटेपणामुळे किंवा त्याहून वाईट कारणामुळे निघालेला रेक्टरही 'स्वेच्छेने राजीनामा' असा अनुभवाचा दाखला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात रुजू होऊ शकतो. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे, तरी 'आमच्याकडे कडक शिस्त' ही ओळ ऐकून खूश होणारे पालक आहेतच. मुलाची मुलाखत होते, मामाची होते, बापाचा खिसा तपासला जातो. रेक्टर कोण, कुठून आला, आधीचं ठिकाण का सोडलं, हे विचारायला कोणी पेटी घेऊन दारात उभा राहत नाही.

तेव्हा मुलाचा दाखला आहे तसा राहू द्यावा आणि सुधारणा करायचीच असेल तर दुसरा एक छापावा. मूल निघताना पालकांनी तो भरून शाळेला द्यायचा आणि पुढच्या जूनमध्ये शाळेने तो प्रवेशाच्या खिडकीवर चिकटवायचा. रकाने थोडेच ठेवावेत: एका खोलीत किती कॉट, किती मुलांमागे एक संडास, वर्षात किती रेक्टर बदलले, नववीतून किती गेले, अनामत परत केली का. खरं लिहिण्याची सवय आपल्याला नसल्याने सुरुवातीला सगळीकडे 'समाधानकारक' येईल, त्याला इलाज नाही. त्यावर प्रतिस्वाक्षरी मात्र शिक्षणाधिकाऱ्यांची नको. ती मेसमधल्या मावशींची घ्यावी. पटावर काहीही असो, आज जेवायला किती लेकरं आहेत आणि कालपेक्षा किती कमी झाली, हे चपात्या लाटणाऱ्या बाईला बरोबर माहीत असतं.